आधी अक्षर की आधी अधिकार?



जिल्हा बैठकीपुढे या वेळी एक साधा दिसणारा प्रश्न येणार आहे. वर्गणीतून जमलेला पैसा मोर्चाच्या गाड्यांना लावायचा, की गावोगाव संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवायला? तालुक्यांच्या बैठकांत यावर दोन तट पडले. एक तट म्हणतो, वर्ग चालवणे हे सरकारचे आणि संस्थांचे काम, आपले काम लढण्याचे. दुसरा तट म्हणतो, पोरे मोर्चाला येतात, फोटो काढतात आणि परत जातात. कशासाठी आलो होतो हे त्यांना सांगता येत नाही.

आमचे मत वर्गाच्या बाजूचे आहे. पण कोणत्याही वर्गाच्या बाजूचे नाही. प्रौढ शिक्षण, साक्षरता, प्रशिक्षण, जागृती या नावांनी आपल्या गावांत आजवर पुष्कळ काही येऊन गेले. फळा आला, कंदील आला, चित्रांची पुस्तके आली, हजेरीपट आला. पुढे फळा कोणाच्या तरी गोठ्यात गेला. असे का होते, आणि होऊ नये म्हणून काय करावे, हे समजून घ्यायचे तर सातारा जिल्ह्यातल्या औंधची गोष्ट पाहावी लागते. औंध काही कपाशीचा मुलूख नव्हे. पण ज्वारीचा आहे, कोरडवाहू आहे, आणि पावसाने पाठ फिरवली की काय होते ते तिथल्या माणसाला आपल्याइतकेच ठाऊक आहे.

औंधात काय झाले

औंध हे खटाव तालुक्यातले यमाईच्या डोंगराखालचे गाव. स्वातंत्र्याआधी ते एका छोट्या संस्थानाची राजधानी होते. संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. आटपाडी, कुंडल हे भाग आज सांगली जिल्ह्यात आहेत, गुणदाळचा भाग कर्नाटकात गेला. सगळी मिळून बहात्तर गावे, आणि त्यातली बरीचशी अवर्षणाच्या पट्ट्यातली.

१९३८ साली औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी जाहीर केले की राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवायचा. त्यांचे चिरंजीव अप्पा पंत आणि भारतानंद या नावाने ओळखले जाणारे मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनिअर या कामात पुढे होते. घटनेचा आराखडा गांधीजींच्या सल्ल्याने तयार झाला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती अमलात आली. पाया गावाचा. गावची पंचायत, तिच्यावर तालुक्याची सभा, तिच्यावर संस्थानचे विधिमंडळ. देशात इंग्रजांचे राज्य असताना आटपाडीच्या माळावरचा शेतकरी आपला कारभारी आपण निवडू लागला.

या घटनेत एक अट होती. मत द्यायचे तर लिहिता-वाचता आले पाहिजे.

अटीमागचा हेतू वाईट नव्हता. मत पाहिजे असेल तर माणूस शिकेल, शिकला तर मत जाणतेपणाने देईल, असा तो विचार. त्याचा परिणामही झाला. संस्थानात मोठ्या माणसांना अक्षरे शिकवण्याची मोहीम निघाली. यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दिवसभर नांगरामागे फिरलेला माणूस रात्री पाटी घेऊन बसतो, ते 'शिक्षण चांगले असते' म्हणून नव्हे. त्या अक्षरांनी काहीतरी हाती येणार असते म्हणून बसतो.

पण अटीची दुसरी बाजू आपण विसरून चालणार नाही. त्या काळात निरक्षर कोण होते? ज्यांना शाळेच्या ओसरीवर चढू दिले नव्हते ते दलित, चुलीपासून हलू न दिलेल्या बाया, आणि ज्याचे पोरगे सहाव्या वर्षी गुरे वळायला जात असे तो शेतमजूर. ज्यांना शाळा दिली नाही त्यांनाच 'तुम्ही शिकला नाहीत' म्हणून मत नाकारायचे, हा न्याय उलटा झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा औंधच्या घटनेच्या आधी दहा वर्षे, १९२८ सालीच, सायमन कमिशनच्या कामात मांडला होता. निरक्षर म्हणजे अडाणी नव्हे, आणि मताचा हक्क प्रत्येक प्रौढाचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे भारताच्या राज्यघटनेने तीच मानली. १९५१ च्या जनगणनेत देशात शंभरात जेमतेम अठरा माणसे साक्षर होती, आणि तरीही पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढाला मत मिळाले.

त्याच संस्थानात दुसरी गोष्ट

गंमत अशी की, याच औंध संस्थानात, याच १९३९ साली, याच्या नेमके उलट पाऊल टाकले गेले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत उभी राहिली. जन्मठेपेच्या कैद्यांना तिथे उघड्यावर ठेवले. भिंत नाही, बेड्या नाहीत. राहायला घर दिले, बायका-मुलांना बरोबर राहू दिले, कसायला जमीन दिली. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच कल्पनेवर उभा आहे. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळकर याच माणदेशचे.

स्वतंत्रपुरात कोणी कैद्याला सांगितले नाही की आधी चांगला माणूस हो, परीक्षा दे, मग तुला जमीन देऊ. आधी विश्वास टाकला, आधी काम आणि जबाबदारी हाती दिली. शिकणे त्यामागून आले.

एकाच संस्थानात, एकाच साली, या दोन वाटा होत्या. मतदाराला सांगितले 'आधी अक्षर, मग अधिकार'. कैद्याला सांगितले 'आधी अधिकार, मग शिकणे'. आमचे म्हणणे असे की, आपल्या चळवळीने दुसरी वाट धरावी. आजवर गावात आलेले बहुतेक वर्ग पहिल्या वाटेने आले. म्हणून ते टिकले नाहीत.

साताऱ्यातलेच पुढचे उदाहरण घ्या. १९५९ साली याच जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि नंतर ती राज्यभर नेण्यात आली. शिक्षक रात्री शिकवत, सारे गाव शिकत असे, आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. काम मोठे होते, करणाऱ्यांची तळमळ खरी होती. पण समारंभ झाल्यावर त्या अक्षरांना रोजच्या व्यवहारात काम उरले नाही, तिथे ती पुसत गेली. सही करता येऊ लागली, पण ज्या कागदावर सही करायची तो कागद वाचायचा प्रसंग कोणी आणलाच नाही. वापरात नसलेल्या विळ्याला गंज चढतो, तसेच हे.

याच जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. ती वाढली आणि टिकली. त्यांच्या वसतिगृहातले पोर स्वतः राबून शिकत होते. सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत होती. शिकणे आणि जगणे वेगळे ठेवले नाही, हे त्या टिकण्यामागचे मोठे कारण आहे.

आजचे निरक्षर कोण?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शंभरात सुमारे ब्याऐंशी माणसे साक्षर निघाली. मग वर्ग कशाला, असे कोणी विचारेल. त्याला उत्तर म्हणून कपाशीच्या पट्ट्यात आम्ही पाहिलेला एक व्यवहार सांगतो.

बी.ए. झालेला एक तरुण वीस क्विंटल कापूस घेऊन विकायला गेला. ओलावा मोजला तो दहा टक्के भरला. खरेदीदाराने क्विंटलमागे पाच किलो कटती लावली. पोराने ऐकून घेतली आणि पावती खिशात घातली. आम्ही नंतर त्याच्यासोबत हिशेब मांडला. सीसीआयच्या खरेदीत हमीभाव हा आठ टक्के ओलाव्याच्या कापसाला असतो. आठच्या वर बारापर्यंत प्रत्येक टक्क्याला भावातून एक टक्का कापतात, बाराच्या वर घेत नाहीत. म्हणजे दहा टक्क्यांना कपात दोन टक्के, क्विंटलमागे दोन किलोची. याची गेली पाच. क्विंटलला तीन किलो जास्त, वीस क्विंटलला साठ किलो. सात हजार भावाने चार हजार दोनशे रुपये झाले. खासगी व्यापाऱ्याला सीसीआयचा नियम बांधील नाही, हे खरे. पण नियम ठाऊक असता तर पोराने तोंड तरी उघडले असते. त्याला इंग्रजी कवितेचे रसग्रहण लिहिता येत होते. शाळा-कॉलेजाच्या पंधरा वर्षांत त्याच्या बापाच्या पिकाचा एक हिशेब कोणी त्याला करायला लावला नव्हता.

आणि दोष त्या एका पोराचाच कशाला? आम्ही स्वतः कृषी पदवी घेऊन गावात उतरलो तेव्हा हेक्टर आणि किलोग्रॅममध्ये बोलत होतो. समोरची म्हातारी एकर आणि पायलीत विचार करत होती. तिने विचारले, "एका पावसानं माझ्या रानात पाणी किती पडलं?" आम्हाला पटकन सांगता आले नाही. उत्तर सोपे आहे. एक इंच पाऊस एका एकरावर पडला की सुमारे एक लाख लिटर पाणी होते. हा हिशेब तिला कळला त्या दिवसापासून ती बांधाकडे वेगळ्या नजरेने बघू लागली. आम्हीही पुस्तकाकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो.

आजचे निरक्षरपण हे असे आहे. अक्षर येते, कागद कळत नाही. पीक विम्याचे पाहा. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात विमा आला, २०२५ मध्ये तो बंद झाला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर बांधली गेली. आता मंडळात हा प्रयोग कोणत्या गटात झाला, उंबरठा उत्पन्न किती धरले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घेऊन त्यांची सरासरी काढतात आणि तिला जोखीमस्तराने गुणतात. समजा उंबरठा एकरी आठ क्विंटल निघाला आणि प्रयोगात सहा भरले, तर भरपाई संरक्षित रकमेच्या पाव हिश्श्याएवढी. हे गणित चौथीचे आहे. पण ते गावात कोणी मांडत नाही, म्हणून पैसे आले की आपण 'नशीब' म्हणतो आणि नाही आले की 'घोटाळा' म्हणतो. दोन्ही वेळा आपण अंधारातच असतो.

सोसायटीचे 'नवे-जुने' करताना किती कागदांवर अंगठा किंवा सही होते, ते आठवा. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर राज्यात व्याज शून्यावर येते. पण आपल्या खात्याची मुदत कोणत्या तारखेला संपते, हे किती घरांत भिंतीवर लिहिलेले आहे? त्यात २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आली आणि २०२५ च्या हंगामात सीसीआयने कापसाची नोंदणीही ॲपवर नेली. ज्याला ते जमले नाही त्याचा कापूस हमीभावाच्या दारापर्यंतही पोचत नाही. औंधच्या घटनेतली जुनी अट अशी नव्या रूपाने परत आली आहे: आधी ॲप चालवा, मग हक्क मागा.

'मग भाव वाढेल का?'

मोर्चावाल्या मित्रांचा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. ते म्हणतात, शेतकरी तोट्यात आहे तो अडाणी म्हणून नव्हे, धोरणामुळे. निर्यातबंदी, आयात, साठ्यावरची मर्यादा, हमीभावाचे गणित, सगळे दिल्लीत ठरते. वर्ग चालवून कापसाच्या भावात एक रुपया वाढणार नाही. उलट 'तुम्ही शिका म्हणजे सुधाराल' असे म्हटले की दोष शेतकऱ्याच्या माथी येतो.

हे म्हणणे खरे आहे. शेतकऱ्याची गरिबी ही शिक्षणाच्या अभावाने आली, असे आम्हीही कधी म्हणणार नाही. वर्ग हा मोर्चाला पर्याय नाहीच. पण स्वतःच्या एकराचा खर्च ज्याने वहीत मांडला नाही, त्याला उत्पादन खर्चावर भाव मागताना दुसऱ्याचा आकडा तोंडपाठ करावा लागतो. पाठ केलेला आकडा साहेबाने एक उलट प्रश्न विचारला की गळून पडतो. स्वतः मांडलेला आकडा गळत नाही.

याचा पुरावा औंधच्या शेजारीच आहे. खटाव तालुक्यात उगम पावणारी येरळा खाली खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडीच्या मधून वाहते. तिथे मुक्ती संघर्ष चळवळीने १९८० च्या दशकात बळीराजा धरण उभे केले. दुष्काळ का पडतो, पाणी कुठे जाते, कोणत्या पिकाला किती लागते, याचा अभ्यास लोकांनी केला. के. आर. दाते यांच्यासारखे इंजिनिअर त्यांच्यासोबत बसले. नदीतली वाळू गावाबाहेर जाते तर तिच्यातला काही भाग विकून धरण का बांधू नये, हा प्रश्न त्या अभ्यासातूनच आला. आणि पाणी प्रत्येक कुटुंबाला सारखे, भूमिहीनालाही, हा निर्णय झाला. तिथे अभ्यास आणि लढा यांच्यात कुंपण नव्हते. वाळूचा हक्क मागायचा होता म्हणून अभ्यास झाला, अभ्यास झाला म्हणून हक्क मागता आला.

अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार दरवर्षी पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावर पिके ठरवते. त्या हिशेबाला गावात वजन आहे, कारण त्यावर खरोखर निर्णय होतो.

वर्ग कसा असावा

म्हणून बैठकीपुढे आमची मांडणी अशी आहे. प्रत्येक गावात वर्षाला बारा संध्याकाळी. सहा पाडव्यानंतर मृगाच्या आधी, सहा दसऱ्यानंतर पहिल्या वेचणीचा कापूस घरात यायच्या सुमारास. पहिल्या सहांत सात-बारा आणि आठ-अ, सोसायटीचा खातेउतारा, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, पाऊस आणि पाणी. दुसऱ्या सहांत ओलावा आणि वजन, पावती, विमा आणि पीक कापणी प्रयोग, ग्रामपंचायतीचा जमाखर्च. पुस्तक वेगळे छापायचे नाही. प्रत्येकाने आपल्या घरातला कागद आणायचा, तेच पुस्तक.

तीन गोष्टी मात्र पाळल्या पाहिजेत.

पहिली, प्रत्येक वर्गाच्या शेवटी काहीतरी करायचे. खातेउतारा वाचला तर दुसऱ्या दिवशी दहा जणांनी मिळून सोसायटीत जायचे. ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचला तर पुढच्या ग्रामसभेत त्यावर प्रश्न विचारायचा. ज्या वर्गातून कोणाच्या तरी दारात जावे लागत नाही, तो वर्ग बंद करावा.

दुसरी, जागा फिरती ठेवायची. एकदा देवळापुढे, एकदा समाजमंदिरात, एकदा वस्तीवर. देवळापुढेच बसलो तर कोण येणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. वेळ बायांना विचारून ठरवायची. कापूस वेचतात त्या, खुरपतात त्या, आणि कागदावर नाव त्यांचे नसते. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात ज्या घरांनी बाईच्या नावावर जमीन केली, तिथे उतारा तिचा झाला. नाव नसताना वाचायला शिका म्हणणे, ही पुन्हा औंधची अट झाली.

तिसरी, शिकवणारा एक नको, दोघे हवेत. एक तरुण, एक म्हातारा. तरुणाला मोबाईल येतो, म्हाताऱ्याला रान कळते. पारावर बसून असलेली, नोकरीची वाट पाहून थकलेली, लग्न ठरत नाही म्हणून मान खाली घालणारी आपली पोरे रिकामी नाहीत. त्यांच्या शिक्षणाला गावाने काम दिलेले नाही. ज्या दिवशी गल्लीतल्या वीस घरांचे कागद वाचून दाखवायची जबाबदारी एखाद्या पोरावर येते, त्या दिवशी त्याची पदवी पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगी पडते. पोरांना चांगले दिवस यावेत असे वाटत असेल तर सुरुवात इथून करावी लागेल. सरकारचा 'उल्लास' हा नवसाक्षरता कार्यक्रम २०२२ पासून चालू आहे. त्यातले स्वयंसेवक, साहित्य जे उपयोगी असेल ते जरूर घ्यावे. पण वर्गाची चावी आपल्या हाती ठेवावी.

औंध संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि त्याची घटना तिथेच संपली. राजाने दिलेली गोष्ट होती, राज्य गेले तशी तीही गेली. स्वतंत्रपूर मात्र आटपाडीजवळ अजून आहे.

पैशांचा निर्णय बैठक घेईल. आमची सूचना एवढीच की मोर्चाची तारीख दसऱ्यानंतरचे सहा वर्ग संपल्यावरची धरावी, आणि मोर्चाला येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या एकराच्या खर्चाची वही सोबत आणावी. निवेदन त्या वह्यांतून लिहू.